अर्धा आटा जास्त

माझं शिवणाचं दुकान आणि मिस्त्रींचं गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही पत्र्याची. एकवीस वर्षं मी त्यांच्या मोटरसायकलींची फडफड ऐकत बाह्या जोडते आहे. माझे कान किटले, पण मिस्त्रींचे मात्र असे तिखट, की गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच हातातला कप खाली ठेवून म्हणायचे, "हिला हवा जास्त होतेय." गाडीवाला येऊन तेच गाऱ्हाणं सांगायला लागला की त्यांच्या मिशीत जे समाधान पसरायचं, ते बघून मला उगाचच भांडावंसं वाटायचं.

हल्लीच्या पोरांना कंपनीतून आली तशी गाडी चालत नाही. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवतात, उघडा फिल्टर लावतात, आणि मग गाडी फटफट फटाके फोडते म्हणून रडत येतात. मिस्त्री समजावत बसायचे, "हवा वाढवलीस, पेट्रोल तेवढंच ठेवलंस. उपाशीपोटी पळवतोयस तिला." मग कार्बोरेटर उघडून मोठ्या भोकाचा जेट घालायचे आणि शेवटी एक बारीक स्क्रू फिरवून हवा-पेट्रोल जुळवायचे. जुळलं की नाही ते प्लग सांगतो. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काळा झाला तर जास्त, भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा निघाला की काम फत्ते. माझ्या मशीनवर दोऱ्याचा ताण असाच पाव-पाव आट्याने जुळवावा लागतो, म्हणून मला हे पाठ आहे. तो शेवटचा स्क्रू मात्र मिस्त्री कधी वाकून बघत नसत. उभ्याउभ्याच हात खाली घालायचा, डोळे मिटायचे आणि आवाजावरून फिरवायचा. त्याचा त्यांना भारी तोरा.

त्यांना एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली, म्हणून पोर अर्धी गॅरेजात वाढली आणि अर्धी माझ्या कापायच्या टेबलाखाली. "कुठल्याही स्क्रूला हात लावण्याआधी त्याच्या मूळ जागेवर खूण करायची," हा बापाने शिकवलेला पहिला धडा. खुणेसाठी ती माझी नेलपॉलिश पळवायची. पुढे तिला डोंगरातल्या एका गावी नोकरी लागली, आठ तासांच्या वाटेवर. आपल्या मोटरसायकलला तिने स्वतःच सायलेन्सर आणि फिल्टर चढवला, बापाने मिश्रण जुळवलं, आणि निघायची सकाळ आली.

ती माझा निरोप घ्यायला दारात उभी होती. तिच्या खांद्यावरून मला दिसलं, मिस्त्रींनी हळूच स्क्रूड्रायव्हर खाली घातला आणि जुळलेला स्क्रू पुन्हा फिरवला. ती गेल्यावर मी जाब विचारला.

"अर्धा आटा पेट्रोल जास्त सोडलंय," ते म्हणाले. "कमी सोडलं असतं तर इंजिन तापून अडकलं असतं. ते मी मेलो तरी करणार नाही. जास्तीने फक्त प्लग काळा पडेल. दीड-दोन महिन्यांत गाडी कुरकुरेल."

"मग?"

"मग आणेल इकडे."

"अहो, पोरीला सरळ ये म्हणायला जीभ वळत नाही का तुमची?"

"तिची कामं असतात, ताई. आपण कशाला गळ घालायची?"

आणि गाडी कुरकुरली! दीड महिन्याने फोन आला, "बाबा, प्लग काळा पडलाय." "घेऊन ये मग," मिस्त्री म्हणाले, आणि तीन दिवस आधीपासून दाढी घोटून बसले. मुलगी यायची त्या शनिवारी दुसरी गाडी हातात घ्यायची नाही, कान गल्लीकडे लावून बसायचं. ती आली की नवा प्लग घालायचा, काळा तिच्या हत्यारांच्या पिशवीत टाकायचा, "अडीनडीला असू दे." दोन दिवस बापलेक इंजिनावर वाकून बोलत राहायची. जाताना पुन्हा अर्धा आटा. असं सात वेळा झालं.

मग एक दिवस तिने फोनवर सांगितलं, नवी गाडी घेतली. "हिला स्क्रूच नाही, बाबा. हवा-पेट्रोल सगळं कॉम्प्युटर जुळवतो."

"बरं झालं, कटकट गेली," मिस्त्री म्हणाले. माणसाने इतकं खोटं इतक्या सरळ आवाजात बोलू नये.

जुनी गाडी ठेवायला ती आली आणि त्याच संध्याकाळी बसने जायला निघाली. "कुणाला द्यायची तर द्या, पण आधी पिशवी बघा सवडीने," एवढं बोलून दारात थांबली. चांगली मिनिटभर थांबली. मिस्त्रींनी काय विचारावं? आरसा ढिला आहे का! माझा कापड मोजायचा गज हातातच होता, पण मी आवरलं स्वतःला.

त्यानंतर तीन महिने तिची खेप नाही. मिस्त्री रोज ती गाडी पुसायचे, पण किल्ली लावायचे नाहीत. तसल्याच आवाजाची एखादी गाडी वळणावर आली की त्यांचा पाना हवेतच राहायचा. गाडी पुढे निघून जायची आणि ते उगाच नाक पुसायचे. मला त्यांची कीव यायची, रागही यायचा, आणि खरं सांगायचं तर त्या पोरीच्या आठवणीने मलाही करमत नव्हतं.

शेवटी एक गिऱ्हाईक गाडी बघायला आलं, तेव्हा कुठे त्यांनी पिशवी उघडली. थोड्या वेळाने पत्र्यावर थाप पडली. "ताई, जरा इकडे या."

फडक्यावर सात प्लग मांडले होते. "सातही काळे हवेत," ते म्हणाले. "मी स्वतः टाकलेत." काळा एकच होता. बाकीचे सहा बिस्किटाच्या रंगाचे.

मग एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी मिस्त्रींना त्या स्क्रूसाठी गुडघ्यांवर बसलेलं पाहिलं. बॅटरीच्या उजेडात स्क्रूशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिसला, आणि स्क्रूची खाच त्याच्या अगदी समोर.

"मी जुळवलं तेव्हाच खूण केली असणार, म्हणून पहिल्याच खेपेला ओळखलंन तिने," ते म्हणाले. "मी अर्धा आटा फिरवायचो, ती परत खुणेवर आणायची. आणि इथे येताना गल्लीबाहेर थांबून चांगला प्लग काढून पिशवीत टाकायची आणि तोच एक काळा घालायची. मी मेला कानांचा तोरा मिरवत होतो." काळा प्लग उचलून त्यांनी फडक्याने पुसला. "म्हणजे गाडीसाठी येतच नव्हती ती."

"पिशवी बघा म्हणून तेच सांगून गेली ना दारात? आता तुम्ही बोलवायची वाट बघतेय."

त्यांनी गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. हात तेलाचे, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"नवी गाडी कशी आहे?"

"छान."

"प्लग?"

"बाबा, तीन महिन्यांत प्लगला काय होतंय?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही.

"शनिवारी ये," ते म्हणाले.

"का? जुन्या गाडीत बिघाड निघाला का काही?"

"नाही. गाडी अगदी जुळलेली आहे. तरी ये. आठवण येते तुझी."



"बसने येते," ती म्हणाली. "जाताना जुनी गाडी नेते. विकू नका."

"बरं. आता तो स्क्रू नाही फिरवायचा मी."

"फिरवा बाबा. मी आणते परत जागेवर."