शेवंताबाईंचा फोन आणि जागतिक मानक

विषय : मौजे आमचे गाव, तालुका व जिल्हा वाशीम, येथील नवीन मोबाइल टॉवरवर शेवंताबाईंचा फोन लागत नसल्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा अर्ज; त्याची पोच; स्मरणपत्र; स्मरणपत्राची पोच.

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, किस्से हे सरकारी फायलीसारखे वाढतात. मूळ कागद एकच असतो, बाकी सगळी त्याला लागत गेलेली जोडपत्रं. मी जन्मभर लिपिक होतो. निवृत्त झालो तरी गाव अर्ज लिहायला माझ्याकडेच येतं, आणि संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आम्ही चार म्हातारे बसतो. तिथे या टॉवरची जोडपत्रं इतकी साचली, की एकदाची शिवून टाकलेली बरी.

मूळ कागद म्हणजे शेवंताबाई, माझ्या शेजारीण. एकुलता एक मुलगा गजानन गुजरातेत मोबाइलच्या केबलसाठी नाल्या खोदतो. बायको त्याच्यासोबतच. दर रविवारी शेवंताबाईंच्या बटनाच्या फोनवर त्याचा फोन यायचा. मग गावातल्या जुन्या टॉवरचा करार संपला आणि कंपनी तो उचलून घेऊन गेली. त्याच्याऐवजी दुसऱ्या कंपनीचा आला, एकदम नव्या पिढीचा. बटनाचा फोन मुका झाला. आणि सून गरोदर होती.

*

टॉवर कुठे उभा करायचा यावर ग्रामसभा भरली. सगळ्यात जास्त विरोध नामदेवभाऊंचा. नामदेवभाऊ भाजीपाला लावतात, वाशीमच्या बाजारात नेतात.

"या लहरीनं मिरचीची पानं गोळा होतात," ते म्हणाले. "पाहा माह्या वावरात. चुरडा-मुरडा आला सारा."

कंपनीचा इंजिनिअर नकाशा उलगडत म्हणाला, "काका, आम्ही तर तुमच्याच वावराच्या धुऱ्याजवळची जागा बघत होतो. भाडं मिळेल दरमहा."

नामदेवभाऊ खाली बसले. थोड्या वेळाने पुन्हा उठले.

"तसं पाह्यलं तं," ते म्हणाले, "चुरडा-मुरडा आमच्या आज्याच्या टायमापासूनच आहे."

शेवटी टॉवर ई-क्लासच्या गायरानावर गेला. त्या आठवड्यापासून मिरची पुन्हा लहरींनीच जाते आहे.

*

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. त्यांनी टॉवरखालून थेट मुंबईला व्हिडिओ कॉल लावायचा, असं ठरलं होतं. मंडप, हार, नारळ, सगळं तयार. फक्त टॉवरला वीज जोडायची राहिली होती. वीज मंडळाकडे अर्ज गेला होता, त्याची पोच सरपंचांच्या खिशात होती.

मंडपवाल्याचं जनरेटर होतं. इंजिनिअरने हिशेब केला आणि सरपंचांच्या कानाशी लागला, "एवढ्या जनरेटरवर एक तर टॉवर चालेल, नाहीतर लाउडस्पीकर. दोन्ही नाही."

सरपंचांनी पाहुण्यांना विचारलं. पाहुण्यांनी माइक निवडला.

गाव जगाशी कसं जोडलं गेलं, यावर ते ऊन उतरेपर्यंत बोलले.

*

पुढे वीज आली आणि टॉवर खरोखर सुरू झाला. इंजिनिअर आमच्या ओट्यावर बसून चहा पिता पिता समजावून सांगत होता. पूर्वी म्हणे प्रत्येक देशाची रीत वेगळी होती. मग सगळ्या जगातले तज्ज्ञ वर्षानुवर्षं बसले, भांडले आणि त्यांनी एकच मानक ठरवलं.

"आता बघा, कोरियातला माणूस आपला फोन घेऊन इथे उतरला, तरी त्याला इथे फुल रेंज."

शेवंताबाई पाण्याची गुंडी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"त्याले चालते, बरं आहे," त्या म्हणाल्या. "अन् माह्या इथल्या फोनले इथंच काहून चालत नाही?"

इंजिनिअर म्हणाला, "मावशी, तुमचा फोन मानकात बसत नाही."

"तो पाव्हणा येणार कवा आहे?"

इंजिनिअरने चहा तसाच ठेवला. तेव्हापासून कोरियाचं कोणी आलं की शेवंताबाईंना कळवायचं, असं ओट्यावर ठरलं आहे. अद्याप कोणी आलेलं नाही.

*

मोठा फोन का घेत नाही, असं तुम्ही विचाराल. गजाननने पाठवला होता. पण जन्मभर कापूस वेचून शेवंताबाईंच्या बोटांची कातडी अशी झाली आहे, की काचेवर बोट ठेवलं तरी काच दाद देत नाही. चार दिवस घासून त्यांनी तो ट्रंकेत ठेवला.

नव्या टॉवरवर चालणारा बटनाचा फोन मागवतो, असं शेजारच्या अनसिंग गावचा दुकानदार म्हणाला. तो अजून मागवतोच आहे.

मी म्हटलं, "गजाननला माझा नंबर द्या. माझ्या फोनवर बोला."

"नोको, बाबूजी," त्या म्हणाल्या. "तुमच्या फोनवर बोलाचं म्हणजे तुमी समोर बसून राह्यता. मंग पोरगं काय मायसंग बोलते का? नुसतं 'बरं आहे, बरं आहे' करते."



*

रेशनचं मशीनही जुन्याच सिमवर. त्यात अंगठा लागल्याशिवाय गहू मिळत नाही, आणि गावात रेंज नाही. रेशनवाल्याने शोध लावला, की फाट्याजवळच्या पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलावर, अनसिंगकडच्या जुन्या टॉवरची रेंज येते. मग काय, महिन्यातून एकदा सारं गाव थैल्या घेऊन पुलियावर.

एकदा तिथे बस येऊन थांबली. कंडक्टर वैतागून उतरला.

"कायचा रास्ता रोको आहे? मागणी काय तुमची?"

"मागणी नाही भाऊ," नामदेवभाऊ म्हणाले. "अंगठा आहे."

कंडक्टरने जरा विचार केला, खिशातून आपला फोन काढला आणि त्यानेही पुलियावर उभं राहून घरी बोलून घेतलं. त्याचाही फोन जुनाच होता.

शेवंताबाईंना पुलिया अशी सापडली. तेव्हापासून दर रविवारी दुखऱ्या गुडघ्याने त्या तिथवर जातात आणि कठड्यावर फोन मांडून बसतात. इतर दिवशी तेवढं चालवत नाही.

*

आता अर्जाचं. पहिली तक्रार मी ऑनलाइन केली. त्यात बंद पडलेला नंबरच द्यावा लागतो. पंधरवड्याने उत्तर आलं : तक्रारदारास वारंवार फोन करूनही संपर्क होऊ शकला नाही, सबब तक्रार बंद.

मग कागदी अर्ज केला. त्याला स्मरणपत्र जोडलं. आणि एका मंगळवारी खरोखर पाहणी अधिकारी आला. तरणा, सभ्य मुलगा. त्याने शेवंताबाईंना टॉवरखाली उभं केलं, फोटो काढायला फोन वर धरला आणि तसाच धरून राहिला. तक्रारदाराचा फोटो जागेवरूनच पाठवावा लागतो, आणि त्याच्या कार्यालयाने दिलेलं सिम जुन्या कंपनीचं होतं.

"इथे रेंज कुठे येते?" त्याने विचारलं.

"चाला माह्यासंगं," शेवंताबाई म्हणाल्या.

आम्ही पुलियावर गेलो. तो फोटोची तयारी करतो आहे, तोच शेवंताबाईंच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी हिरवं बटन दाबलं. बटनाच्या फोनचा आवाज मोठा असतो, सगळ्यांनाच ऐकू आलं.

"आई, कालपासून लावून राह्यलो तुले. पोरगी झाली. दोघीबी बऱ्या आहेत."

शेवंताबाई कठड्यावर बसल्या. वजन विचारलं, नाक कोणावर गेलं ते विचारलं, आणि मग पोरीला रडव म्हणाल्या, ऐकायचं आहे. पलीकडून ती रडली. अधिकारी भला माणूस.  पदराने डोळे पुसत बोलणाऱ्या बाईचा त्याने एक फोटो तेवढा काढला, पाठवला, आणि जाताना त्यांच्या पाया पडून गेला.

महिन्याभराने अहवालाची प्रत आली. त्यात लिहिलं आहे : "प्रत्यक्ष पाहणीवेळी तक्रारदार स्वतःच्या मोबाइलवर बोलत असल्याचे आढळून आले. छायाचित्र सोबत जोडले आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

छायाचित्र छान आलं आहे. शेवंताबाईंनी ते देवघराशेजारी लावलं.

फेरअर्ज सादर केला आहे. पोच मिळाली आहे. अर्ज प्रलंबित आहे.