शाळेतला चिखल

उभ्या रायगड जिल्ह्यात माझ्या थोरल्या वन्संइतका चिखल कुणी केला नसेल. भातलावणी करणारेसुद्धा त्यात आले. वन्सं रोह्याजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका. 'अ' शिकवायचा तर आधी मातीचा वळायचा, त्याच्यावरून बोट फिरवायचं, मग पाटी. बेरीज मातीच्या लाडवांची, भागाकार मातीच्या भाकरीचा. सुट्टीला पेणला आल्या की गणपतीच्या कारखान्यातला उरलासुरला शाडू पिशवीत भरून पुन्हा एसटीत. एकदा कंडक्टर म्हणाला, "बाई, लगेजचं तिकीट लागेल." तर या म्हणतात, "मांडीवरच्या पोराचं फाडतोस का रे तिकीट?" आणि रोह्यापर्यंत पिशवी थोपटत बसल्या. मला मेलीला शेजारी हसू आवरेना.

गावाला मात्र हसू येत नव्हतं. "चिखल आमच्या शेतात हाय की! त्याला शाळा कशाला?" म्हणत एका आबांनी पालक गोळा केले. पोरं काढून रोह्याच्या शाळेत घालायची ठरली; म्हणजे वन्संची शाळा बंदच पडणार. त्या सभेला मी मुद्दाम गेले, म्हटलं आपलं एक माणूस असावं. वन्संनी भाषण केलंच नाही. पोरांनी शाळेच्या पडवीत मातीचं अख्खं गाव केलं होतं, बांध, शेतं, कालवा, सगळं स्वतः हिंडून मोजलेलं. तेवढं दाखवलं आणि बाजूला झाल्या.

आबा वाकले. "कालवा हितं वळत नाय."

"वळतो! माझ्या बांधाला लागून," दुसरा म्हणाला.

झालं! एकेक जण बाह्या सारून खाली बसला, आणि कोपरापर्यंत माती! "पाणी पयलं माझ्या शेतात येतं," आबा हटून बसले. तिसरीतली त्यांचीच नात म्हणाली, "नाय आबा, उतार पलीकडं हाय. आमी बघून आलोय." आबांनी तणतणत त्या कालव्यात तांब्या ओतला. पाणी थेट पलीकडच्या शेतात! पोरांनी काय कल्ला केला म्हणून सांगू! आबांनी क्षणभर पाण्याकडे बघितलं आणि मातीच्या हातानेच मिशी पिळली. "पोर कुनाची हाय!" म्हणाले. शाळेतून एकही नाव कमी झालं नाही. वन्संचा मला इतका अभिमान वाटला की परतताना एसटीत भेटेल त्याला सांगत सुटले.

आता त्या निवृत्त होऊन पेणच्या रामवाडीला आमच्याकडेच असतात. परवा माझी नात शाळेतून आली आणि पानंच्या पानं गिरवत बसली. वन्संनी तिचा तळवा उलटासुलटा करून पाहिला.

"किती स्वच्छ हात गो हिचे," त्या हळूच म्हणाल्या.

मी पोळ्या लाटायची थांबले आणि कणकेची परात दोघींच्या मध्ये ठेवली.