नूपुरच्या वर्गातली खोटी पेशंट

माझी भाची नूपुर कॅन्सरची डॉक्टर आहे, शिवाय एका मेडिकल कॉलेजात मुलांना बोलायला शिकवते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. एवढ्या थोराड घोड्यांना बोलायला काय शिकवायचं? पण पेशंटला वाईट बातमी कशी सांगावी, हाच तिच्या तासाचा विषय.

नूपुर इथं बंगालमध्येच, सॉल्ट लेकला जन्मली, वाढली. तिचं मराठी घरापुरतं. ‘भूक लागली’, ‘पसारा आवर’ एवढ्यावर तिचं भागतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं एका बाईला वॉर्डाच्या दारात उभ्याउभ्याच निदान सांगितलं. बाई मटकन खाली बसली आणि पुढे काय करावं हे हिला सुचेना. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. तेव्हापासून तिनं हा ध्यास घेतला. पेशंटला अंधारात ठेवू नका, नातेवाइकांना सांगून मोकळे होऊ नका, असं ती पोरांना घसा फोडून सांगते.

आणि हीच नूपुर गेले दोन महिने मला थापा मारत होती.

मला अंडाशयाचा कॅन्सर आहे, हे मला ठाऊक होतं. ऑपरेशन झालं, केमो झाली. मग नवा स्कॅन झाला आणि सगळ्यांची तोंडं शिवली गेली. “काही नाही गं मावशी, औषध बदलायचंय,” एवढंच नूपुर म्हणे. फाइलही तिच्याकडेच. मी जन्मभर बँकेत माणसं पाहिली आहेत, कोण काय लपवतंय ते मला चेहऱ्यावर दिसतं. दिवस थोडे उरले असतील, तर मला पुण्याला माझ्या मुलाकडे, क्षितिजकडे जाऊन राहायचं होतं. नसतील, तर इथं माझ्या घरात उपचार घ्यायचे होते. हे ठरवायचं कसं? संतापानं माझी झोप उडाली होती.

एके दिवशी तिच्या वर्गात मुलांच्या सरावासाठी पेशंटचं सोंग करणारी बाई आली नाही. मी म्हटलं, मी येते. नूपुर नको नको म्हणत राहिली, मी साडी नेसून गाडीत जाऊन बसले.

रोहन नावाचा मुलगा डॉक्टरच्या भूमिकेत होता. त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि मला मावशी म्हणत बंगालीत विचारलं, “माशीमा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे?”

पेशंटची खोटी हकीकत लिहिलेला कागद मी पालथा घातला. मीही बंगालीतच उत्तर दिलं, “काहीच नाही. माझी भाची डॉक्टर आहे, पण ती मला सांगत नाही.”

पोरांना वाटलं, मावशी झकास वठवतायत.

रोहननं विचारलं, “ती का सांगत नसेल, असं वाटतं तुम्हाला?”

“तिलाच विचार.”

नूपुर मागे भिंतीशी उभी होती. ती पुढे आली, तिनं रोहनला उठवलं आणि त्याच्या जागी बसली.

“मावशी, क्षितिजदादानं मला शपथ घातली होती,” ती मराठीत म्हणाली. “आणि तुझ्याशी आपली भाषा मराठीच, त्यात मला हे बोलताच येईना गं.”

“येईल तसं बोल.”

“लिव्हरमध्ये पसरलाय. आता बरा नाही होणार.”

“किती दिवस?”

“काही महिने. वर्ष नाही निघणार, बहुतेक.”

पोरांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की मॅडम रडतायत आणि पेशंटही रडतेय. मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या.

नूपुरनं वळून पाहिलं नाही. तिनं माझे हात घट्ट धरले होते. मला भयंकर भीती वाटली. दोन महिने मी तिच्यावरच्या रागावरच तग धरून होते. टाळ्या वाजत होत्या, मी पुन्हा तिच्यावर रागवायची धडपड करत होते, आणि ते आता जमत नव्हतं.