उजेडात बस

आज शाळेतली वीज गेली आणि वर्गातल्या ट्यूबलाइट विझल्या. बाहेर आभाळ भरलेलं. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. ओरडून ओरडून घसा बसलाय, उठायचंही त्राण नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी धडा वाचू लागलं, संथ, न अडखळता. मान वर केली तर कोमल!

ही मुलगी वाचताना डोळे चोळते, ओळी गाळते, पुस्तकावर हाताची सावली धरते. चाळे करते, असं मी तिच्या आईलाही सांगितलं होतं. खिडकीजवळचा बाक मुद्दाम तिला दिला. रोज म्हणायचे, "उजेडात बस गं, म्हणजे दिसेल."

"आज कसं जमलं?" मी विचारलं.

"बाई, आज अक्षरं हलत नाहीयेत." मग जरा घाबरून म्हणाली, "उजेडात सगळ्यांचीच हलतात ना?"

माझ्या आईनं मला हेच सांगितलं, उजेडात बस. मी वर्गामागून वर्गांना तेच सांगत आले. किती जणींना असं खिडकीशी बसवलं, आता आठवतही नाही.

वीज आली. कोमलनं माझ्याकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत, शहाण्यासारखं, पुस्तक उजेडात सरकवलं.