बंदोबस्तातले मामा

आयुष्यभर दर वर्षी विसर्जनाला हजर राहून एकही गणपती धड न पाहिलेला भाविक कुणाला शोधायचा असेल, तर त्याने एडवणला माझ्या आजोळी जावं. माझे मामा पोलीस हवालदार म्हणून निवृत्त झाले. बंदोबस्तावरच्या पोलिसाचं तोंड गर्दीकडे हवं, गर्दी जे बघते आहे त्याच्याकडे नव्हे, हे त्यांना भरतीच्या वेळी कुणीतरी सांगितलं आणि मामांनी ते आयुष्याला लावून घेतलं. निवृत्तीनंतर एकदा बोईसरला टीव्हीच्या दुकानाबाहेर क्रिकेट बघायला माणसं जमली होती. मामा टीव्हीकडे पाठ करून त्या माणसांसमोर उभे राहिले. स्कोअर विचारला तर शांतपणे म्हणाले, "तोंडं बघ ना यांची. हरलो आपण." माझ्या लग्नात मामा या नात्याने ते अंतरपाटापाशी माझ्यामागे उभे होते, पण वऱ्हाडाकडे तोंड करून. मंगलाष्टकं संपेपर्यंत आमची पाठीला पाठ लागली होती. मामी म्हणाल्या, "तिकडं काय बघता? अक्षता कोण चोरणार हाय?" मामांनी मान वळवली नाही.

पोलीस खात्याचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे आणि तो ते न विचारता सांगतात. शिपाई हाफ पँट घालायचे तिथपासून सुरुवात होते. पालघर जिल्हा झाला त्या प्रसंगावर येताना मामा हमखास चहा मागतात. "झोपलो ठाणे ग्रामीणचा, उठलो पालघरचा. खाट तीच." बाप होडीवर गेला असता तर मासळी आणली असती, पोलिसात गेला म्हणून व्याख्यानं आणतो, असं त्यांची मुलगी रेश्मा म्हणायची. मग तीच पोलिसात भरती झाली.

तिच्या दीक्षांत परेडला मामा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पालकांच्या मांडवात पुढे रेटारेटी चालली होती. ती पाहून मामांना राहवेना. मैदानाकडे पाठ करून ते पालकांना आवरायला उभे राहिले. मागून रेश्माची तुकडी सलामी देऊन निघून गेली. घरी येऊन म्हणाले, "बंदोबस्त झकास झाला." रेश्माचा मला फोन आला. "दादा, सगळ्यांच्या बाबांनी बघितलं. माझ्या बाबांना मी वर्दीत कशी दिसते तेच ठाऊक नाय." त्यानंतर ती पालघरला क्वार्टरमध्ये राहायला गेली. एडवणला यायची ती साध्या कपड्यांत, आणि परेडचा विषय काढायची नाही. मामाही काढत नसत, पण त्यांचं जेवण कमी झालं होतं.

यंदा विसर्जनाला मी मामांना पालघरला घेऊन गेलो. तलावाच्या वाटेच्या कडेने दोरी बांधली होती आणि दोरीपाशी रेश्मा उभी होती, अर्थातच आमच्याकडे तोंड करून. मामा सवयीने दोरीखालून पलीकडे गेले, तिच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि आम्हा सगळ्यांवर नजर फिरवू लागले.

रेश्माने त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "काका, दोरीच्या मागं व्हा."

"अगं, मी हाय."

"पब्लिक मागं. तुमी पब्लिक हाय आता."

मामांनी क्षणभर विचार केला. आदेश बरोबर होता. ते निमूट माझ्या शेजारी आले, वळले, आणि समोर बघू लागले. टोपी, पट्टा, नावाची पट्टी, बूट, सगळं त्यांनी सावकाश पाहिलं. रेश्माची नजर गर्दीवरून फिरत एकदा त्यांच्यावर आली आणि तिथेच थांबली. मामांचा हात नकळत सलामीला वर गेला, तो त्यांनी डोळे पुसून खाली घेतला.

तेवढ्यात तिच्यामागून सगळ्यात मोठी मूर्ती गेली. लोक हात जोडून पुढे सरसावले, गुलाल उडाला. बाप्पाचं दर्शन झालं का, म्हणून मी मामांना विचारलं.

"कुठं होता?" मामा म्हणाले.