सोमवारची सुकट

मुरूडच्या त्या कोळणीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. मुंबईची आगबोट सुटण्याआधी मला दुकानासाठी तिची सुकट हवी होती, आणि ती न्हालेले केस उन्हात पसरून अंगणात निवांत पायांना तेल चोळत बसली होती.

"आज इकायचं न्हाय. सोमवार माज्या एकटीचा," ती म्हणाली.

मी भाव वाढवला, मग आवाज वाढवला. ती हसली. "सहा दिस अंगाला मासली लागते, दादा. एक दिस खोबरेल लागू दे. तुमचं टकुरं तर तव्यावानी तापलंय. घ्या, चोळा!"

तिने तेलाची वाटी पुढे सरकवली. तेवढ्यात बंदरावर भोंगा झाला, बोट गेली. चडफडत मी डोक्यावर तेल थापलं आणि तिच्या माडाखाली आडवा झालो, तो थेट संध्याकाळी उठलो. धंद्यात पडल्यापासून अशी झोप लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितला तो भाव मी मुकाट्याने दिला. घासाघीस करायचं सुचलंच नाही!

आता सोमवारी मीही दुकान उघडत नाही. त्या दिवशी मी इतका खुशीत असतो, की कुणीही मला लुबाडून जाईल.