महालिंगअप्पांची दोरी

केजच्या बाजूला जायचं बरेच दिवस मनात होतं, ते महालिंगअप्पांसाठी. अप्पा सहकारी सोसायटीचे सचिव. बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीच्या कामासाठी बालाघाटच्या डोंगरातली गावं पायी हिंडले आणि त्या पायपिटीवर लिहीत राहिले. कुठल्या वाटेला सावली आहे, आटलेल्या ओढ्यावर कोणता पक्षी टिकून आहे, असलं नेमकं. मी दहावीपुढं शिकलो नाही. लिहायला शिकलो तो रद्दीत सापडलेल्या त्यांच्या लेखांवर. त्यांची पत्रं आणि सामान सुनेनं जपलंय असं कळल्यावर फोन केला. काकू म्हणाल्या, "या की. पत्रं न्या उतरवून घ्यायला. फकस्त माघारी आणा."

बार्शीहून उजाडताच बाइक काढली. येरमाळा, कळंब, केज. रस्ता बरा आहे, पण कळंबपुढं उसाच्या ट्रॉल्या असतात, घाई करू नका. केजच्या स्टँडसमोर चुरमुऱ्यांचा सुशीला आणि मिरची भजी खाल्ली, चाळीस रुपयांत पोट भरलं. पुढं गाव अर्ध्या तासावर. स्टँडवरून काळीपिवळी जीपही मिळते, भरली की सुटते.

काकूंनी ट्रंक ओसरीत आणून ठेवली होती. टायरच्या तळाची पायताणं, काळी छत्री, पितळी फुलपात्र, फडक्यात बांधलेली पत्रं. आणि अंबाडीची एक लांब दोरी, टोकाला लोखंडी नट, अंगभर गाठी.

"बसा, च्या टाकते," म्हणून काकू आत गेल्या. त्यांचे मालक शिवाअण्णा गोठ्यात होते.

मी टेप काढला. वस्तूचं माप घेतल्याशिवाय मी फोटो टाकत नाही, वाचकांना ठाऊक आहे. पण गाठींमुळं खरी लांबी कळेना. शिवाय गाठीपाशी जुना धागा लवकर तुटतो, हे मी कुठंतरी वाचलेलं. मग अलगद, नखानं, एकेक सोडवू लागलो. अगदी निगुतीनं. चार सुटल्या.

काकू कपबशा घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, माहीत नाही.

"दादा, गाठी कावून सोडल्या?"

मी धाग्याचं शास्त्र सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं, सगळं. मग अण्णांना हाक मारली.

अण्णांनी दोरी उचलली. "ह्या विहिरी हायत. अप्पा नट खाली सोडायचे. पाण्याला टेकला की काठावर जिथं हात यायचा तिथं गाठ मारायची. येक गाठ, येक इहीर. त्यावरून सोसायटी खोदाईचं ठरवायची." त्यांनी माझ्या टेपकडं पाहिलं. "पाडव्याला लोक येत्यात. आपापल्या इहिरीची गाठ धरून बघत्यात. लेकरांना दावत्यात, पाणी इतकं खाली गेलतं म्हणून."

"वळ दिसतोय अजून," मी म्हणालो. "तिथंच परत बांधतो."

"बांधा की," अण्णा म्हणाले. "तुमी बांधली तर तुमची गाठ व्हईल."

चहा कसा संपवला, सांगता येत नाही. काकूंनी पत्रांचं फडकं उचललं तेव्हा वाटलं, आता ट्रंकेत जाणार. त्यांनी ते मांडीवर धरून ठेवलं.

"पत्रं देते. पर आज न्हाई. पाडव्याला या. ज्या चार घरांच्या गाठी सुटल्या, त्यान्ला तुमीच सांगा. मला सांगाया लावू नका, दादा."

"आन् त्या दिवशी टेप घरी ठेवा," अण्णा म्हणाले.

परतीच्या वाटेवर एकही फोटो काढला नाही. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, काकू सगळं दाखवतात. बघा, विचारा. हात लावू नका.

पाडवा जवळ आलाय. त्या चार घरांतल्या माणसांपुढं उभं राहून काय बोलायचं, ते रोज जुळवतो. दोरी जुनी होती, मला माहीत नव्हतं, हेतू चांगला होता. प्रत्येक वाक्य माझीच बाजू घेतं, म्हणून खोडतो. अजून एकही उरलेलं नाही. जायचं मात्र आहेच.